घराच्या चेंबरपासून रस्त्यातल्या मलवाहिनीपर्यंत: जलनिःसारण विभागांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती यांच्या जलनिःसारण विभागांतील अभियंते व अधिकारी यांस

महोदय, महोदया,

भुयारी गटार योजनेच्या फलकावर मलवाहिनीची लांबी किलोमीटरमध्ये, प्रक्रिया केंद्राची क्षमता दशलक्ष लिटरमध्ये आणि खर्च कोटींमध्ये लिहिलेला असतो. घराच्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्याखालच्या मलवाहिनीपर्यंतचे दहा-पंधरा मीटर त्या फलकावर कुठेही नसतात. योजना ठेकेदाराची, रस्ता बांधकाम विभागाचा आणि घर घरमालकाचे, पण मधला हा तुकडा कोणाचाच नाही. म्हणून एखाद्या रविवारी दोन गवंडी आणि एक प्लंबर मिळून तो जमेल तसा उरकून टाकतात. मी स्थापत्य अभियंता आहे आणि लहान घरांच्या बांधकामाबरोबर त्यांच्या सांडपाण्याच्या जोडण्या करून देण्याचे काम बरीच वर्षे करत आलो आहे. या पत्रातून मला एकच मागणी करायची आहे. घरजोडणीला घरमालकाचे खासगी काम न समजता योजनेचाच भाग समजा, आणि मलवाहिनी टाकण्यासाठी रस्ता पहिल्यांदा उकरलेला असतानाच प्रत्येक भूखंडाच्या हद्दीपर्यंत जोडनळी आणून तिथे चेंबर बांधून ठेवा. काही योजनांच्या अंदाजपत्रकात अशी तरतूद आता केली जाते, याची मला कल्पना आहे. परंतु जिथे ती नाही आणि जिथे ती असूनही ‘बचत’ म्हणून वगळली जाते, अशी गावे आणि उपनगरे अजून पुष्कळ आहेत, आणि हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

जोडण्यांचा प्रश्न नागरिकांच्या सोयीचा आहे, असे साधारणपणे समजले जाते. माझ्या मते तो आधी मलवाहिनीच्याच प्रकृतीचा आहे. मैला तळाशी बसू नये म्हणून वाहिनीतील कमाल प्रवाहाला सुरुवातीच्या काळात सेकंदाला किमान ०.६ मीटर आणि संकल्पित लोकसंख्या पूर्ण झाल्यावर ०.८ मीटर वेग मिळावा, हा केंद्र सरकारच्या २०१३ च्या मलनिःसारण नियमपुस्तिकेतला निकष आपण सर्वजण वापरतो. आराखडा करताना दरडोई रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी धरले जाते, गल्लीतली सगळी घरे धरली जातात आणि पुढच्या काही दशकांची वाढही धरली जाते. प्रत्यक्षात गल्लीतल्या चाळीस घरांपैकी सात-आठच जोडली गेली, तर कागदावरचा उतार तसाच राहतो, पण पाण्याला खोली मिळत नाही, वेग पडतो, मैला आणि चिंध्या तळाशी साचत जातात, आणि पुरती वापरातही न आलेली वाहिनी जेटिंगच्या, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने साफ करणाऱ्या, गाडीची वाट पाहू लागते. प्रक्रिया केंद्राला पुरेसे सांडपाणी पोहोचत नाही म्हणून तिथली जैविक प्रक्रियाही नीट बसत नाही. उरलेली बत्तीस घरे मात्र सेप्टिक टाकीवरून वाहणारे पाणी पूर्वीप्रमाणेच उघड्या गटारात सोडत राहतात, आणि ज्या नदीसाठी योजना मंजूर करून घेतलेली असते तिच्यात ते बिनदिक्कत जाऊन मिळते.

मग घरे जोडली का जात नाहीत? नागरिक उदासीन आहेत, असे उत्तर बैठकांत नेहमी दिले जाते. त्यात थोडे तथ्य आहेही, कारण जोवर सेप्टिक टाकी भरून अंगणात येत नाही तोवर आपल्याला घाई नसते. पण ज्याला जोडणी हवीच आहे, त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे तेही पाहावे. त्याने अर्ज करायचा, नकाशा आणि मालमत्ता कराची पावती जोडायची, जोडणी शुल्क भरायचे, रस्ता खोदाईच्या परवानगीसाठी दुसऱ्या विभागात जायचे, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च भरायचा, आणि एवढे झाल्यावर परवानाधारक प्लंबर शोधून त्याच्याकडून काम करून घ्यायचे. रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला असेल तर खोदाईला परवानगीच मिळत नाही, किंवा पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणून सांगितले जाते. ज्या गल्लीत मलवाहिनी आधी टाकली, मग रस्ता केला आणि त्यानंतर घरांना जोडणी घ्या म्हणून नोटिसा बजावल्या, त्या गल्लीत कामांचा क्रम उलटा लावला गेला आहे. त्याचा दोष घरमालकाच्या माथी कसा मारता येईल?

शुल्क आणि परवानग्यांपेक्षाही मोठी अडचण माहितीची आहे. रस्त्याखालची मलवाहिनी नेमकी किती खोल आहे, हे घरमालकाला सांगणारे कोणी नसते. वाहिनीच्या आतल्या तळाची पातळी, जिला आपण इन्व्हर्ट लेव्हल म्हणतो, दर मॅनहोलला घेतलेली असते; ती कामाच्या मोजमाप पुस्तकात असते आणि काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराने दिलेल्या नकाशातही असायला हवी. परंतु विभागात विचारणा केली की ‘साधारण पाच-सहा फुटांवर लाइन सापडेल’ असे तोंडी उत्तर मिळते. ‘साधारण’ या शब्दावर उतार काढता येत नाही.

याचे गणित एका उदाहरणाने मांडतो. घराची मागची न्हाणी रस्त्याच्या हद्दीपासून १२ मीटर आत आहे आणि हद्दीपासून मलवाहिनी आणखी ६ मीटरवर आहे, असे समजू. म्हणजे एकूण लांबी १८ मीटर. चार इंची नळाला चाळीसास एक हा जुना आणि भरवशाचा उतार दिला, तर एवढ्या लांबीत नळ ४५ सेंटिमीटर खाली जातो. न्हाणीच्या ट्रॅपनंतर, म्हणजे दुर्गंधी अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वळणानंतर, नळ जमिनीखाली ४५ सेंटिमीटरवर सुरू झाला, तर मलवाहिनीजवळ तो ९० सेंटिमीटर खोलीवर पोहोचेल. गल्लीच्या वरच्या टोकाला मलवाहिनी सर्वांत उथळ असते. तिथे तिचा तळ रस्त्यापासून एक मीटरवर असेल, तर हातात फक्त १० सेंटिमीटर उरतात आणि जोडणी कशीबशी जमते. आता त्याच घराचे अंगण रस्त्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली आहे असे धरा. वारंवार थर चढवून उंच झालेल्या आपल्या रस्त्यांकडे पाहता हे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. आता नळ मलवाहिनीच्या तळापेक्षा २० सेंटिमीटर खाली जातो, आणि पाणी चढावर जात नाही. सहा इंची नळ साठास एक उताराने टाकला तरी पाच सेंटिमीटर कमी पडतात. शंभरास एक उतार दिल्यास गणित जेमतेम सुटते, पण मोठ्या नळात एका घराचे पाणी पसरून उथळ वाहते आणि घन पदार्थ मागे राहतात, त्यामुळे ‘मोठा नळ टाका म्हणजे तुंबणार नाही’ हा सल्ला एकट्या घराच्या जोडणीला लागू पडत नाही. आराखडा करताना त्या भूखंडाच्या मागच्या कोपऱ्याची पातळी कोणी पाहिली असती, तर गल्लीच्या टोकाला मलवाहिनी अर्धा मीटर खोल टाकून हा प्रश्न जन्मालाच आला नसता. आपल्याकडे सर्वेक्षण रस्त्याच्या मध्यरेषेवरून होते, घरांच्या न्हाण्यांपर्यंत जात नाही.

माहिती नसताना प्लंबर काय करतो, ते विभागातील प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याने पाहिलेले आहे. अंदाजाने खड्डा घेतला जातो, वाहिनी उघडी पडली की छिन्नी-हातोड्याने तिच्या माथ्यावर भोक पाडले जाते, त्यात चार इंची पीव्हीसी नळ वरून घुसवला जातो आणि भोवती सिमेंटचा लपका मारून माती लोटली जाते. हा नळ मलवाहिनीच्या आत तीन-चार इंच डोकावत राहतो. त्याला आधी एखादी चिंधी अडकते, मग सॅनिटरी पॅड, मग केस आणि तेलकट मेण. काही महिन्यांत तिथे बोळा तयार होतो आणि त्याचा भुर्दंड वरच्या बाजूच्या सगळ्या घरांना बसतो. फोडताना उडालेले तुकडे आणि सांडलेले सिमेंट आतच पडते आणि तळाशी घट्ट होते. लपक्याला पहिल्या उन्हाळ्यात भेग जाते. काळ्या मातीच्या भागात तर हमखासच, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दरवर्षी नळाला हलवते. त्या भेगेतून पावसाळ्यात भूजल आणि मातीचे कण वाहिनीत शिरतात, वाहिनीभोवती पोकळी तयार होते, आणि एक दिवस रस्ता खचला की त्याचे खापर अवजड वाहनांवर फोडून फाइल बंद होते.

अलीकडे बऱ्याच योजनांत दुहेरी भिंतीचे, बाहेरून नालीदार प्लॅस्टिक नळ वापरले जातात. नळ चांगले आहेत, हलके आहेत, सांधे रबरी कड्यांचे असल्याने पाझर कमी होतो. पण छिन्नीने फोडण्यासाठी ते मुळीच नाहीत. बाहेरच्या नाल्या आणि आतली गुळगुळीत भिंत यांच्या मधल्या पोकळीत पाणी शिरते आणि तिथे सिमेंट धरत नाही. अशा वाहिनीला गोल कटरने स्वच्छ भोक पाडून, रबरी कडे असलेले सॅडल, म्हणजे नळावर खोगिरासारखा बसणारा जोडतुकडा, बसवून, वरच्या अर्ध्या भागात आणि प्रवाहाच्या दिशेला तिरकी जोडणी द्यावी लागते. हे कटर आणि सॅडल आमच्या तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत; ठेकेदाराकडे मात्र काम चालू असताना ते असतात किंवा असायला हवेत. वाहिनी टाकतानाच दर भूखंडासमोर वाय जोड (इंग्रजी Y च्या आकाराचा फाटा) देऊन त्याचे तोंड बूच लावून हद्दीपर्यंत आणून ठेवले, तर भोक पाडण्याची वेळच येत नाही. उघड्या चरात हा जोड बसवायला लागणारा वेळ आणि पुढे काँक्रीटचा रस्ता कापून, वाहतूक अडवून, पाणीपुरवठ्याची वाहिनी चुकवून तेच काम करण्याचा खटाटोप यांतला फरक मी आपल्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पाणीपुरवठ्याच्या वाहिनीचा उल्लेख ओघात आला, पण तो ओघात सोडून देण्यासारखा नाही. पिण्याच्या पाण्याची वाहिनी वर आणि मलवाहिनी खाली, हा नियम मुख्य वाहिन्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी पाळला जातो आणि घरजोडणीच्या वेळी हमखास मोडला जातो, कारण घराचा नळ उथळ असतो आणि घरगुती नळजोडण्या रस्त्याच्या कडेने तितक्याच उथळ गेलेल्या असतात. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास येते. उरलेला वेळ नळ रिकामे असतात आणि बाहेरचे पाणी सांध्यातून आत ओढले जाण्याचा धोका असतो. काविळीच्या साथीचा मार्ग बहुतेकदा असाच असतो, आणि इचलकरंजीने २०१२ साली अशी मोठी साथ भोगली आहे. हद्दीपर्यंतची जोडनळी विभागाने स्वतः टाकली, तर हे छेद कुठे आणि किती खोलीवर आहेत याची एकत्र नोंद तरी राहील.

जोडणी झाली तरी सेप्टिक टाकीचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. घरमालकाला वाटते की टाकी मधे ठेवली तर गाळ तिथेच अडेल आणि नळ तुंबणार नाही. प्रत्यक्षात टाकीतून बाहेर पडणारे पाणी आधीच कुजलेले असते. त्यातला हायड्रोजन सल्फाइड मलवाहिनीत आणि मॅनहोलमध्ये जमतो, ओलसर काँक्रीटवर जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि वाहिनीचा माथा झिजत जातो. शिवाय टाकीचा उपसा थांबला की ती भरते आणि गाळ अखेर वाहिनीतच येतो. म्हणून जोडणीच्या परवान्यातच अट हवी की टाकी सक्शनच्या गाडीने उपसून, तळाला भोक पाडून, मुरमाने भरून बंद करावी आणि शौचालयाचा नळ थेट चेंबरला जोडावा. उपशाची गाडी त्या दिवशी विभागाने सवलतीच्या दरात पाठवली, तर ही अट कागदावर राहणार नाही.

घरमालकांची बाजू मी इथवर मांडली, म्हणून त्यांची एक खोडही सांगणे भाग आहे. ती म्हणजे गच्चीचे पाणी. पावसाळी पन्हळ लांब नेण्यापेक्षा ती जवळच्या चेंबरमध्ये सोडणे स्वस्त पडते, आणि चेंबरचे झाकण उचलून अंगणातले पाणी त्यात लोटणे तर त्याहून सोपे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच हजार लिटर पाणी जमते. पाच जणांच्या कुटुंबाचे दिवसाचे सांडपाणी वर सांगितलेल्या हिशोबाने ५४० लिटर होते. म्हणजे साडेचार दिवसांचे सांडपाणी एका तासात, आणि तेही गल्लीतल्या सर्व घरांतून एकाच वेळी. मलवाहिनी या हिशोबाने बांधलेलीच नसते. कोकणात आणि घाटमाथ्यावर याहून कितीतरी जोराचा पाऊस पडतो. पावसाळ्यात मॅनहोलची झाकणे उचलली जातात, त्याचे मोठे कारण हे आहे, आणि धुराच्या चाचणीने ते पकडताही येते: बंद केलेल्या वाहिनीत धूर सोडला की ज्या गच्चीच्या पन्हळीतून तो बाहेर पडतो ती पन्हळ चुकीच्या जागी जोडलेली आहे, हे गल्लीला वेगळे सांगावे लागत नाही. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने पर्जन्यजल संकलन बंधनकारक केलेलेच आहे. लहान भूखंडांसाठी निदान पन्हळ आणि मलचेंबर वेगळे आहेत, एवढे जोडणी देताना पाहिले जावे.

मलवाहिनी भरून चढू लागली की पाणी सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून बाहेर येते. ते तोंड रस्त्यावरचे मॅनहोल असेल तर रस्ता घाण होतो. ते एखाद्याच्या न्हाणीतले असेल तर त्याचे घर घाण होते. म्हणून घराची सर्वांत खालची न्हाणी वरच्या बाजूच्या जवळच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा उंच आहे का, हे जोडणीपूर्वी पाहिलेच पाहिजे. ती खाली असेल तर उलट पाणी रोखणारी झडप बसवणे आणि ती वर्षातून निदान एकदा उघडून साफ करणे, एवढाच उपाय उरतो. मॅनहोलची झाकणे रस्त्याबरोबर वर उचलली जातात आणि जुनी घरे आहेत तिथेच राहतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी सुरक्षित असलेले घर आज धोक्यात आलेले असू शकते. नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडून काढण्याची अट रस्त्याच्या निविदेत असते. ती जलनिःसारण विभागाने बांधकाम विभागाकडून पाळून घ्यावी, ही विनंती मी इथेच करून ठेवतो.

आता तपासणीविषयी. माझ्या अनुभवात जोडणीचा दाखला बहुतेकदा चर बुजवल्यानंतर दिला जातो, आणि बुजवलेल्या चरात पाहण्यासारखे काही उरत नाही. वास्तविक या तपासणीला अत्यंत साधी साधने लागतात. दोन चेंबरांच्या मधल्या सरळ तुकड्याच्या एका टोकाला विजेरी आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरला, तर नळ सरळ असल्यास प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते आणि मधे बसका असेल किंवा सिमेंट आत आले असेल तर ते वर्तुळ तुटते. नळाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या चेंबरमधून सोडला तर तो अडथळा नसल्यास आपोआप खाली येतो. खालचे तोंड बुचाने बंद करून नळात पाणी भरून ठेवले तर कोणता सांधा पाझरतो ते डोळ्यांनी दिसते. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्याच वेळी नळाखाली वाळूची किंवा बारीक कचेची गादी आहे का, कातळात खोदलेल्या चरात नळ थेट दगडाच्या टोकांवर तर ठेवलेला नाही ना, चेंबरच्या तळाला पन्हळ काढून दोन्ही बाजूंनी बेंचिंग, म्हणजे पन्हळीकडे उतरता सिमेंटचा काठ, केले आहे की सपाट तळात मैला साचणार आहे, आणि गली ट्रॅपमध्ये पाण्याची सील टिकते आहे का, हेही पाहून होते. अर्जदाराने चर उघडा असताना कळवायचे आणि विभागाने ठरलेल्या दिवशी माणूस पाठवायचा, असा नियम असेल तर ही तपासणी होईल. तो माणूस आला नाही म्हणून चर चार दिवस उघडा राहिला आणि एखादे पोर त्यात पडले, तर त्याची जबाबदारीही विभागाची असावी.

मनुष्यबळ नाही, हे याला अपेक्षित उत्तर आहे आणि ते खोटेही नाही. एका कनिष्ठ अभियंत्याकडे अर्धे शहर असते आणि निवडणुकीचे कामही त्याच्याकडेच असते. म्हणून तर हद्दीवरच्या चेंबरचा आग्रह आहे. तो चेंबर आणि त्यापुढचा नळ ठेकेदाराच्या कामात आला, तर शेकडो जोडण्यांची रस्त्यातली बाजू एकदाच, एका देखरेखीखाली आणि हमी कालावधीच्या बंधनासह तपासली जाते. पुढे नवे घर बांधणाऱ्याला आपल्या अंगणातला नळ त्या चेंबरमध्ये आणून सोडण्यापलीकडे रस्त्यात काहीच करावे लागत नाही.

या मागणीचे माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर कारण आता मांडतो. घरजोडणी थेट मॅनहोलमध्ये द्यायची असते, तेव्हा आतून भोक जुळवायला आणि सिमेंट लावायला कोणीतरी खाली उतरते. हा माणूस महापालिकेचा कर्मचारी नसतो, त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, त्याच्याकडे वायू तपासण्याचे यंत्र नसते आणि त्याला वर ओढून घ्यायला दोरही नसतो. ‘दोन मिनिटांचे काम आहे’ म्हणून तो उतरतो. पहिला माणूस बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो; अशा बातम्यांत मृतांची संख्या एकावर क्वचितच थांबते. पुरेशा संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरवणे हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. मॅनहोलमध्ये नळ जोडणारा मजूर सफाई करत नव्हता, असा युक्तिवाद उद्या कोणी करू शकेल; पण आतला वायू असा भेद करत नाही. हद्दीवरचा चेंबर उथळ असतो, त्यात वरून वाकून काम करता येते, आणि मॅनहोलला हात लावण्याचे कारणच उरत नाही. जोपर्यंत जुन्या वाहिन्यांवर थेट जोडण्या द्याव्याच लागणार आहेत, तोपर्यंत मॅनहोलच्या बाजूचे काम फक्त विभागाच्या प्रशिक्षित पथकाने, वायू तपासून आणि साधनांसह करावे, आणि प्लंबरच्या परवान्यावर ‘मॅनहोलमध्ये माणूस उतरवल्यास परवाना रद्द’ ही ओळ ठळक छापावी. दीड मीटरपेक्षा खोल चर बाजूंना आधार दिल्याशिवाय खोदू नये, ही ओळही तिच्याच शेजारी छापता येईल.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात मांडतो, कारण तो वाटतो तितका अवघड नाही. अनेक शहरांत मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारण कराची किंवा मलनिःसारण लाभकराची रक्कम असते, आणि घर जोडलेले नसतानाही ती भरणारे लोक मी ओळखतो. त्यांनी लाभ कोणता, असे विचारले तर त्यांना रागावता येत नाही. जोडणीचे एकरकमी शुल्क गावठाणातल्या आणि चाळीतल्या कुटुंबांना झेपत नाही. ते याच बिलातून काही वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करता येईल. कायद्याचे पाठबळही आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका अधिनियमातच, शंभर फुटांच्या आत महापालिकेचे गटार असेल तर निचऱ्याची सोय नसलेल्या मालमत्तेला ती करायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. सक्तीचा अधिकार इतका जुना आहे, तर सक्ती पाळता येईल अशी सोय हद्दीपर्यंत आणून देणे हे त्याच्या जोडीचे कर्तव्य समजावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली जलनिःसारण जोडणी ही अधिसूचित सेवा आहे. अर्ज कालमर्यादेत निकाली काढताना ‘खोदाई परवानगी प्रलंबित’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवला जाऊ नये, यासाठी जोडणी आणि खोदाई यांचा अर्ज एकच असावा आणि दोन विभागांतला पत्रव्यवहार दोन विभागांनीच करावा.

जिथे वाहिन्या टाकून झाल्या आहेत, तिथे दर मॅनहोलची झाकणाची आणि तळाची पातळी प्रभाग कार्यालयात आणि संकेतस्थळावर लावावी, म्हणजे नवे घर बांधणारा जोत्याची उंची ठरवण्याआधीच ती पाहू शकेल. बांधकाम परवानगीच्या नकाशावर या दोन आकड्यांसाठी चौकट ठेवली तर वास्तुविशारदालाही ते शोधावे लागतील. आणि ज्या शहरांच्या भुयारी गटार योजनांच्या निविदा अद्याप निघायच्या आहेत, त्यांच्या अंदाजपत्रकात वाय जोड, हद्दीपर्यंतचा नळ, हद्दीवरचा चेंबर आणि त्याच्या तळाची नोंदलेली पातळी या चार बाबी भूखंडांच्या संख्येइतक्या धरल्या जाव्यात, रिकाम्या भूखंडांसकट. तांत्रिक मंजुरीच्या वेळी खर्च कमी करण्यासाठी कात्री लावावी लागली, तर ती या बाबींना शेवटी लावावी.

आपला विश्वासू,
घरजोडण्यांची कामे करणारा एक स्थापत्य अभियंता